निद्रिस्त खातेदार

झोपलेल्याला उठवण्याचा अधिकार नेमका कोणाला आहे, या प्रश्नाकडे आपल्या थोर विचारवंतांनी म्हणावं तसं लक्ष दिलेलं नाही. त्यांचा सगळा भर उठवण्यावरच. उठा, जागे व्हा, असं सांगायला प्रत्येक पिढीत कोणी ना कोणी हजर असतो. 'तुम्ही पडा निवांत, आम्ही बघतो काय ते,' असं म्हणणारा एकही महापुरुष मला माहीत नाही. असता, तर त्याची तसबीर मी आमच्या देव्हाऱ्यात लावली असती आणि त्याच्या जयंतीला बँकेला सुट्टी मिळावी म्हणून युनियनच्या सभेत ठराव मांडला असता.

पुराणं या बाबतीत जास्त समंजस. मुचुकुंद राजा देवांच्या वतीने असुरांशी लढून लढून थकला. देव म्हणाले, वर माग. तुम्ही-आम्ही असतो तर निदान सोयीच्या गावी बदली मागितली असती. मुचुकुंदाने झोप मागितली, आणि तिला एक कडक कलम जोडून घेतलं: मला जो उठवील तो माझी नजर पडताच भस्म होईल. पुढे कालयवन श्रीकृष्णाचा पाठलाग करत त्या गुहेत शिरला, अंधारात कोणी झोपलेलं दिसलं म्हणून त्याने लाथ हाणली आणि जागच्या जागी त्याची राख झाली. गुहेत कोणी झोपलेलं असेल तर पाय आवरता घ्यावा, हे इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे कुठे सांगितलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

पण आपली भक्ती पुराणांना जुमानते थोडीच! आषाढी एकादशीला विष्णू झोपी जातो तो एकदम कार्तिकीला उठतो. चार महिने. म्हणून तर तिला शयनी एकादशी म्हणतात. आणि नेमक्या त्याच दिवशी लाखो माणसं पायी चालत पंढरपूरला पोचतात. देवाने झोपायची तयारी करावी आणि दारात ही गर्दी! मग देवळात काय करतात, तर देवाचा पलंगच काढून ठेवतात आणि दर्शन रात्रंदिवस चालू ठेवतात. म्हणजे झोपेच्या एकादशीच्या सुमारास देव वर्षात सगळ्यांत जास्त जागा. त्याला तक्रार करता येत नाही आणि आपल्याला त्यात काही चुकल्यासारखं वाटत नाही. भेटायचं आहे ना, मग उठवलं. आपला हिशोब साधा असतो.

आता हे सगळं सुचायचं कारण म्हणजे एक अमेरिकन अस्वल. दुपारी अडीच ते साडेतीन या वेळेत काउंटरवर बसलेल्या माणसाला जी झोप येते, तिची शास्त्रशुद्ध माहिती मिळवावी म्हणून मी वाचत सुटलो आणि वाचता वाचता अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या जंगलात पोचलो. तिथे काळं अस्वल राहतं. आपल्या विदर्भातलं अस्वल हिवाळाभर हिंडतं-फिरतं, त्याला ही शीतनिद्रेची चैन नाही. मिनेसोटातलं मात्र शरद ऋतूत आत जातं ते वसंतात बाहेर येतं. उत्तरेकडे तर ही रजा सहा-सहा, सात-सात महिने चालते, आणि तीही बिनपगारी नव्हे, भरपगारी. पगार त्याने आधीच चरबीच्या रूपाने उचललेला असतो.

या अस्वलांवर १९७० च्या आसपास एक विद्यार्थी पीएच.डी. करत होता. लिन रॉजर्स त्याचं नाव. (लिन हे तिकडे पुरुषाचंही नाव असतं, मीही दोन पानं गैरसमजात काढली.) पुढे तो मोठा नामांकित आणि तितकाच वादग्रस्त संशोधक झाला, पण ते नंतर. तेव्हा तो मिनेसोटा विद्यापीठाचा विद्यार्थी होता आणि अस्वलं कुठे झोपतात, कशी झोपतात, काय खाऊन झोपतात, हे बघत बर्फातून फिरत होता. आपल्याकडे पीएच.डी. करणाराची छाती गाइडच्या केबिनमध्ये शिरताना धडधडते. याला अस्वलाच्या केबिनमध्ये शिरायचं होतं.

गुहा म्हटलं की आपल्याला अजिंठा आठवतो. अस्वलाची गुहा तसली नसते. उन्मळलेल्या झाडाच्या मुळांखाली उकरलेला खड्डा, खडकातली कपार, पोकळ खोड, पडलेल्या फांद्यांचा ढीग, काहीही चालतं. काही अस्वलं तर उघड्यावर गवताचं, फांद्यांचं घरटं करून त्यातच मुटकुळं करून पडतात आणि वर बर्फ साठत जातो. आतली जागा अंग जेमतेम मावेल एवढीच. तोंड इतकं अरुंद की माणसाला पोटावर सरपटतच जावं लागतं. आणि सरपटत आत गेलेल्या माणसाला बाहेर येताना वळता येत नाही, ही गोष्ट आत गेल्यावर लक्षात येते.

मार्च १९७० मध्ये हा गृहस्थ अशाच एका गुहेत चक्क एका मादीच्या अंगावर पडला. पिल्लू भोकाड पसरून रडतंय, आणि आई निदान आठ मिनिटं जागी झाली नाही. आठ मिनिटं! आमच्या घरात रात्री दोनला कोणी फ्रिज उघडला तर आठ सेकंदांत दिवा लागतो.

यामुळे त्याला धीर आला असावा. कारण जानेवारी १९७२ मध्ये तो दुसऱ्या एका गुहेत शिरला तो हृदयाचे ठोके ऐकायला. पाच वर्षांची मादी गाढ झोपलेली. याने सरळ तिच्या छातीला कान लावला. काही ऐकू येईना. यात नवल नाही; उन्हाळ्यात झोपलेल्या अस्वलाचं हृदय मिनिटाला चाळीस-पन्नास ठोके घेतं, हिवाळ्यात ते आठांवरही येतं. बँकेतला पंखासुद्धा याहून जोरात फिरतो. दोनेक मिनिटं गेली आणि एकाएकी ठोके ऐकू येऊ लागले. जोरात आणि भराभर. म्हणजे बाईसाहेब जाग्या होत होत्या. तिने डोकं उचललं तेव्हा हा उलटा सरपटत दाराकडे निघालेला होता. बाहेर आला तरी ठोके ऐकू येतच होते. त्याने ते मोजले. मिनिटाला जवळजवळ १७५. आणि मला या सगळ्या प्रकरणात जी गोष्ट सर्वांत आवडली ती ही, की मोजण्यापूर्वी हे ठोके आपलेच तर नाहीत ना, याची त्याने खात्री करून घेतली होती.

शास्त्रज्ञ असावा तर असा. आमच्याकडे ऑडिटला येणारे लोक ही खात्री करून घेत नाहीत.

पण हसून झाल्यावर माझ्या मनात एक किडा वळवळायला लागला. तो ऐकायला गेला होता झोपलेल्या अस्वलाचं हृदय. हाती आलं ते घाबरून जाग्या झालेल्या अस्वलाचं. जाणून घ्यायला जवळ जावं तर जे जाणून घ्यायचं तेच बदलतं, आणि दूर राहावं तर काहीच कळत नाही. बरं, अस्वलाने काही अर्ज केला नव्हता की, माझे ठोके मोजा म्हणून. मग हा अधिकार याला दिला कोणी?

याचं व्यवहारी उत्तर आहे, आणि ते वजनदार आहे. मिनेसोटात १९७१ पर्यंत हे अस्वल उपद्रवी जनावरात जमा होतं. कोणीही, केव्हाही मारावं. त्या वर्षी त्याला शिकारीच्या कायद्यात जागा मिळाली, म्हणजे हंगाम ठरला, परवाना आला. ज्याच्याविषयी आपल्याला काही माहिती नसते त्याला 'उपद्रवी' म्हणणं सोपं जातं. आमच्या सोसायटीतल्या तळमजल्यावरच्या भाडेकरूंचा याला अनुभव आहे. अस्वल कुठे झोपतं, किती जंगल लागतं, दोन पिल्लं होतात की तीन, हे माहीत असल्याशिवाय किती मारू द्यायची आणि कुठलं जंगल राखायचं हे ठरवणार कसं? तेव्हा कोणीतरी आत जायला हवंच होतं.

आणि आत गेल्यावर जे सापडलं ते ऐकून कॉमर्सचा पदवीधर तर हात जोडतो. शरद ऋतूत हे अस्वल दिवसाला पंधरा-वीस हजार कॅलरी खातं. हेझलनट, ओकची फळं, बेरी, जे मिळेल ते. मग आत जाऊन महिनोन्‌महिने अन्न नाही, पाणी नाही, आणि मलमूत्र विसर्जनही नाही. आपली मूत्रपिंडं दोन दिवस अशी संपावर गेली तर घरचे लोक पांढरी टोपी शोधायला लागतात. अस्वलाचं शरीर लघवीत जायचा नायट्रोजन परत फिरवून त्याचीच प्रथिनं बनवतं. बुडीत कर्जाची वसुली करून त्यातून नवं भांडवल उभं करण्याचा हा एकमेव यशस्वी प्रयोग माझ्या पाहण्यात आहे. इतके महिने पडून राहून हाडं ठिसूळ होत नाहीत, स्नायूही फारसे झडत नाहीत. आपण आठ दिवस तापाने पडलो तर जिना चढताना कठडा धरतो.

मादीची व्यवस्था तर आणखी थक्क करणारी. जोडी जमते उन्हाळ्याच्या सुरुवातीला. गर्भ राहतो, पण तो तसाच, बिंदूएवढा, तरंगत राहतो, वाढत नाही. नोव्हेंबरच्या सुमाराला शरीर हिशोब करतं: चरबी पुरेशी साठली आहे काय? असेल तर गर्भ रुजतो. नसेल तर प्रकरण तिथेच बंद. कर्ज जूनमध्ये मंजूर, पण रक्कम हातात पडणार ती नोव्हेंबरमध्ये शिल्लक तपासून. हे तत्त्व काही मोठ्या कर्जदारांच्या बाबतीत पाळलं गेलं असतं तर आज आपल्या बँकांची हाडंही ठिसूळ झाली नसती. पिल्लं जन्मतात जानेवारीत, पाव किलोच्या थोडी वर, केसही धड नाहीत अशी. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. पिल्लं झोपत नाहीत, दूध पितात आणि पिताना मोटर चालू असल्यासारखा गुरगुर आवाज करतात. आई अर्धवट झोपेत त्यांना चाटते, कुशीत घेते, पुन्हा झोपते. ज्या झोपेला आपण निष्क्रिय म्हणतो तिच्यात एक अख्खं बाळंतपण आणि संगोपन उरकलेलं असतं.

'निष्क्रिय' या शब्दापाशी मला थांबायलाच हवं, कारण तो आमचा रोजचा. खातेदाराने दोन वर्षं स्वतः काही उलाढाल केली नाही की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं झाली की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. २०१४ साली काढलेल्या या निधीच्या नावात 'ठेवीदारांची जागरूकता' असे शब्द आहेत. झोपलेल्यांच्या पैशाला जागरूकतेचं नाव! सरकारी बारशांत इतका बिनचूक विनोद क्वचित साधतो. अशा खातेदारांना पत्रं पाठवायचं काम मी काही वर्षं केलं आहे. 'आपण आहात काय?' असा त्या पत्रांचा एकूण आशय. कधी उत्तर येतं, कधी मुलाचं येतं, कधी पाकीट परत येतं. एक आजी तर काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "पैसे आहेत ना तिथे? मग असू द्या. ते असले की मला झोप लागते. तुम्ही का उठवताय त्यांना?" मी त्यांच्याकडून केवायसीचा फॉर्म भरून घेतला. आपला खातेदार ओळखा, हा नियम. आजी मला तीस वर्षं ओळखत नव्हत्या आणि त्यांचं काही अडलं नव्हतं.

अस्वलांचं केवायसी मात्र दरवर्षी. त्यांच्या गळ्यात रेडिओचा पट्टा असतो. त्याची बॅटरी संपते, मान जाड होते, पट्टा सैल करावा लागतो. म्हणून दर हिवाळ्यात गुहा शोधत जायचं. यावरून पुढे मोठा मजेदार खटला झाला. रॉजर्स बाहेरच्या अस्वलांना हाताने खाऊ घालायचा, इतकी ओळख वाढवायचा की ती याच्याकडून गुंगीच्या औषधाशिवाय पट्टा बांधून घ्यायची. २०१३ साली राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याने त्याचा परवाना पुढे चालू ठेवला नाही. खात्याचं म्हणणं, तुमच्या लाडाने अस्वलं माणसाला भीत नाहीशी झाली, उद्या कोणाच्या दारात जाऊन उभी राहतील. शिवाय संशोधनाचे लेख पुरेसे छापलेत कुठे? रॉजर्स म्हणाला, मला परवाना लागतोच कशाला? परवाना अस्वल ताब्यात ठेवायला लागतो. माझी अस्वलं जंगलात मोकळी आहेत. नुसता पट्टा बांधला म्हणजे ताबा होतो काय?

हा प्रश्न वकिलांनी सोडवण्यापेक्षा बँकेत पाठवायला हवा होता. आमच्याकडे गहाण आणि नजरगहाण असे दोन प्रकार असतात. गहाणात वस्तू बँकेच्या तिजोरीत. सोन्याच्या बांगड्या आमच्याकडे आणि पावती तुमच्याकडे. नजरगहाणात ट्रक तुमच्याच दारात, तुम्हीच चालवायचा, तुम्हीच पंक्चर काढायचं. फक्त कागदावर आमचं नाव आणि आमची नजर. पट्टेवालं अस्वल हे उघड उघड नजरगहाण प्रकरण आहे. तिकडच्या न्यायाधीशांनी २०१४ मध्ये ठरवलं की पट्टा बांधणं हा ताबाच. वाद पुढे वरच्या कोर्टात गेला, तिथेही परवाना लागतो असंच ठरलं. कायदा काय असेल तो असो. मला तो निकाल विचार करायला लावतो. एखाद्यावर सतत नजर ठेवली की तो थोडासा आपल्या ताब्यात येतो, हे कोर्टाने मान्य केलं. लग्न झालेल्या माणसांना हे सांगायला कोर्ट लागत नाही.

आमचे वडील अठ्याहत्तर वर्षांचे आहेत. अण्णा दुपारी जेवून झोपतात. रविवारी मी घरी असलो की तीनच्या सुमाराला त्यांच्या खोलीत डोकावतो. छाती वरखाली होताना दिसली तर ठीक. पांघरूण जाड असलं की दिसत नाही. मग मी हळूच जवळ जातो आणि नाकापुढे हात धरतो. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे, त्यातले निम्मे लोक हे करतात आणि उरलेले निम्मे सांगत नाहीत. मुलगी तान्ही होती तेव्हा तिच्याही पाळण्याशी हेच चालायचं. अण्णा एक डोळा उघडतात आणि म्हणतात, "आहे अजून. जा."

त्यांची झोप मोडलेली असते. मला मात्र बरं वाटतं. आता यात काळजी कोणाची आणि सोय कोणाची, हे तुम्हीच ठरवा.

गेल्या वर्षी त्यांना चार दिवस हॉस्पिटलात ठेवलं होतं. दोन रात्री डोळा लागला नव्हता, तिसऱ्या रात्री लागला. पहाटे चारला नर्स आल्या, दिवा लावला आणि "आजोबा, बीपी बघायचंय," म्हणून दंडाला पट्टा आवळला. मी म्हटलं, "अहो सिस्टर, आत्ताच झोपलेत." त्या म्हणाल्या, "चारला बघायचं असतं." बघितलं. वरचं १७० निघालं. निघणारच! झोपलेल्याचं मोजायचं होतं, जागं केलेल्याचं मिळालं. मला तेव्हा मुचुकुंदाच्या कलमाची फार आठवण झाली. मी तोंड उघडणार तोच त्या पलीकडच्या कॉटकडे वळल्या. तिथले गृहस्थ मधुमेहाचे. त्यांचा मुलगाही माझ्यासारखाच म्हणाला, "झोपू द्या ना, शांत झोपलेत." सिस्टरने हाक मारली, हलवलं, पुन्हा हलवलं. ते झोपलेले नव्हते. साखर उतरून बेशुद्ध पडत चालले होते. मग पळापळ झाली, सलाइन लावलं, आणि सहा वाजता ते गृहस्थ उठून बसले आणि हॉस्पिटलच्या चहाला शिव्या देऊ लागले. अण्णा त्यांना सामील झाले.

तेव्हा 'झोपलेल्याला उठवू नये' असं छातीठोक लिहून मी मोकळा होऊ शकत नाही. तो मुलगा आणि मी, दोघेही दयेपोटीच बोलत होतो. शांत झोप आणि तिच्यासारखं दिसणारं दुसरं काहीतरी, यांतला फरक दाराबाहेरून कळत नाही. तो कळायला छातीला कान लावावा लागतो.

मग कोणी लावावा? माझं मत असं की ज्याचं स्वतःचंही काही पणाला लागलंय त्याने. १९७२ चा तो विद्यार्थी मला या कसोटीवर उतरलेला वाटतो. त्याने अस्वलाची झोप मोडली, पण स्वतःची मानही आत घातली. कोणाचे ठोके हे तपासून पाहायची पाळी त्याच्यावर आली, कारण त्या बिळात घाबरलेली हृदयं दोन होती. समोरासमोरचा व्यवहार झाला. याउलट, २०१० च्या जानेवारीत त्याच रॉजर्सने लिली नावाच्या मादीच्या गुहेत कॅमेरा बसवला आणि तिचं बाळंतपण इंटरनेटवर दाखवलं. २२ जानेवारीला पिल्लू झालं, त्याचं नाव होप ठेवलं. जगभरच्या लोकांनी हातात कप घेऊन ते पाहिलं. हा मला शिष्टाचाराचा भंग वाटतो. बाळंतिणीच्या खोलीत जायचं तर निदान पाय धुऊन, डिंकाचे लाडू घेऊन जावं.

हे मी सौ.ला ऐकवलं. ती म्हणाली, "अहो, पण अस्वलाला विचारा ना! एक माणूस अंगावर येऊन पडतो, छातीला कान लावतो, घाबरवून उठवतो. आणि एक कॅमेरा कोपऱ्यात गप्प बसतो. तिला कुठलं बरं वाटेल? तुमच्या त्या विद्यार्थ्याचं धाडस तुम्हाला आवडलं म्हणून तिने जागं व्हायचं का?"

यावर मला उत्तर सुचलेलं नाही. उठवणाऱ्याचा प्रामाणिकपणा मोजायचा की उठणाऱ्याची गैरसोय, हे दोन वेगळे हिशोब आहेत आणि ते जुळत नाहीत. आमच्या व्यवसायात असं झालं की रात्री नऊपर्यंत बसतात. मीही बसलो होतो.

आणि ओळख झाली म्हणजे जीव वाचतो, हे माझं मघाचं व्यवहारी उत्तर, त्यालाही त्या होपने तडा दिला. लाखो लोक तिला नावाने ओळखत होते. तिचं पहिलं रडणं त्यांनी ऐकलेलं. सप्टेंबर २०११ मध्ये शिकारीच्या हंगामात एका शिकाऱ्याने तिला कायदेशीरपणे मारलं. त्याच्याकडे परवाना होता. पडद्यावरची ओळख जंगलात चालत नाही. तिकडे लोक हळहळले, चिडले. पण हळहळ हे काही संरक्षक कलम नव्हे.

राज्याच्या खात्याचे संशोधकही १९८१ पासून या गुहांत जात आले आहेत. त्यांची पद्धत मला त्यातल्या त्यात सभ्य वाटते. हिवाळ्याच्या सुरुवातीला अस्वल लवकर बिचकतं, गुहा सोडून जातं, आणि आई गुहा सोडून गेली तर पिल्लं मरतात. म्हणून ते मार्चपर्यंत थांबतात. तोवर पिल्लं अंग धरतात. आईला आधी गुंगीची सुई देतात, मग बाहेर काढून वजन, रक्त, पट्टा. तेवढ्या वेळात पिल्लं गारठू नयेत म्हणून विद्यार्थी त्यांना आपल्या जाकिटात, छातीशी धरून उभे राहतात. पिल्लांना ऊब कळते, जाकीट कळत नाही. काम झालं की आईला होती तशी आत सरकवतात, पिल्लं तिच्या कुशीत ठेवतात, तोंडावर फांद्या रचतात, वर बर्फ लोटतात आणि निघून जातात. वसंतात ती बाहेर येते तेव्हा तिच्या शरीराचा कारभार अजून निम्म्यावरच चाललेला असतो. अलास्कात मोजमाप करून २०११ साली हे प्रसिद्ध झालं: उठल्यावर दोन-तीन आठवडे लागतात पूर्ववत व्हायला. सोमवारी सकाळी आमच्या शाखेत हे कोणालाही विनाखर्च पाहता येईल.

हे सगळं मी अण्णांना एका रविवारी दुपारी सांगत होतो. त्यांचे डोळे मिटलेले होते, ऐकत होते की नाही कोण जाणे. छातीला कान लावल्याचं आणि डोकं उचलल्याचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "तिने मारलं नाही त्याला?"

म्हटलं, "नाही."

"भली होती," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून वळले. "जाताना दार लोटून घे."